भिवा हात जोडत नाही

मी लिहिणार नाही म्हणून आधीच सांगितलं होतं. पण मंडळाच्या वार्षिक अंकाला पानं कमी पडली की यांना म्हातारे आठवतात. अंकाची संपादक माझीच पोरगी, प्रज्ञा. तिने फ्रिजवर चिठ्ठी चिकटवली, ‘बाबा, गेमचे किस्से’. पाणी प्यायला गेलो की चिठ्ठी. शेवटी घरात पाणी प्यायचीही चोरी झाली म्हणून लिहायला बसलो.

शाळा माझी चौथीपर्यंत. पुढे एसटीच्या डेपोत टायर बदलण्यात जन्म गेला, मग परदेशात पोरीकडे आलो. तेव्हा चुका प्रज्ञा काढेल. मजकूर काढायचा नाही, असं ठरलंय.

किस्से कसे साचतात म्हणाल, तर आमच्या शॉमबर्गच्या पार्किंग लॉटमधल्या बर्फासारखे. पडतो तेव्हा पांढरा असतो. मग गाडी येते, ढकलून कोपऱ्यात लावते. त्यावर धूर बसतो, माती बसते, ढीग काळा पडतो. सगळीकडे गवत उगवलं तरी तो ढीग तिथंच. माझे किस्से त्या कोपऱ्यातले आहेत. हसू आलं तर हसा, मला येत नाही.

* * *

बायको गेली त्या हिवाळ्यात माझं बोलणं बंद झालं. ठरवून नाही. बोलायला कोणी नव्हतं. प्रज्ञा फार्मसीत, जावई ऑफिसात. नातीला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत. ‘‘जेवलीस का गं?’’ विचारलं की ‘‘I'm good, आजोबा.’’ यावर माणूस पुढे काय बोलणार?

प्रज्ञा घाबरली. तिने मला उचलून डेव्हच्या दुकानात नेऊन बसवलं. डेव्ह गोरा माणूस, खेळांची खोकी विकतो. मागच्या बाजूला टेबलं मांडलेली. शनिवारी दुपारी त्यातलं एक टेबल मराठी लोकांचं. खेळ कसला, तर एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. राक्षस, राजे, जादूगार. लढाईत कोण जिंकलं ते फासे टाकून ठरवायचं. थोडक्यात, बसून केलेलं सोंग.

गोष्ट सांगायचा तो निरंजन, पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. गटाचे नियमही तोच करायचा. मुग्धा त्याची मैत्रीण, तीही सॉफ्टवेअरवाली. ती लांब कानाची राणी झालेली. आणि एक डॉक्टर, माझ्या वयाचे, रिटायर झालेले. ते दाढीवाले जादूगार. डॉक्टरांचं नाव आत्ता लिहीत नाही. पुढे बघू.

मला हसू आलं होतं तेव्हा. अहो, सोंग मला शिकवता? तरुणपणी आमच्याकडे बाबासाहेबांच्या विचारांचा जलसा होता. गावोगाव फिरायचो. त्यात मी पाटलाचं काम करायचो. असा माजोरी पाटील करायचो की बाया उठून शिव्या घालायच्या. तेच आमचं बक्षीस.

निरंजन म्हणाला, ‘‘काका, तुमचा माणूस कोण ते ठरवा.’’

म्हटलं, ‘‘भिवा. हातात काठी. गावाची राखण करायचा, आता सोडलीय.’’

‘‘मस्त. आता एक सांगा. भिवा मेला तरी करणार नाही अशी एक गोष्ट कोणती?’’

हा त्या टेबलाचा रिवाज. प्रत्येकाने आपल्या माणसासाठी अशी एक गोष्ट ठरवायची. मुग्धाची राणी खोटं बोलत नाही. डॉक्टरांचा जादूगार मांस खात नाही. ती गोष्ट दुसऱ्या कुणी त्या माणसाकडून करून घ्यायची नाही. राजाने नाही, जादूने नाही, फाशांनीही नाही. निरंजन म्हणाला, हा सगळ्यांत वरचा नियम.

मी म्हटलं, ‘‘भिवा हात जोडत नाही.’’

‘‘म्हणजे नमस्ते करत नाही?’’

‘‘नमस्कार वेगळा, हात जोडणं वेगळं. माझ्या बापाने गावकीचं काम सोडलं त्या दिवशी जोडलेले हात सोडले. परत जोडले नाहीत. कळलं?’’

निरंजनला कळलं नसावं, पण त्याने मान्य केलं. पुढे त्याच्या गोष्टीतल्या राजाने भिवाला अंधारकोठडीत टाकलं, उपाशी ठेवलं. हात काही जोडून घेतले नाहीत. पोरगं तेव्हा बरं होतं.

भिवाची एक बोटाएवढी बाहुलीही मिळाली मला. तिचा सदरा मी निळा रंगवला. प्रज्ञा म्हणाली, ‘‘बाबा, किती दिवसांनी शिट्टी वाजवताय!’’

* * *

टेबलाच्या मध्ये एक कार्ड असतं, फुली मारलेलं. गोष्टीत काही ऐकवेना, सोसवेना, तर त्यावर हात ठेवायचा. गोष्ट तिथंच थांबते. का ठेवला ते विचारायचं नाही. मला ही सोय आवडली होती, खोटं कशाला बोलू. जलशात लोक दगड मारायचे, त्यापेक्षा कार्ड बरं.

एकदा आम्ही राक्षसांच्या वस्तीवर धाड घातली. झोपड्या पेटवल्या. पळणारी म्हातारी माणसं मारली. राक्षसांची पोरं होती, तीही कापली. मुग्धाच्या राणीने चिप्स खात खात बाण सोडले. डॉक्टरांनी वरून आग पाडली. कार्ड मध्ये पडून होतं, कुणी बघितलंही नाही.

मग दमून सगळे एका धर्मशाळेत आले. निरंजन म्हणाला, ‘‘काका, भिवाच्या लहानपणाबद्दल काहीतरी सांगा ना, बॅकस्टोरी.’’

मी सांगायला लागलो. लहान भिवा विहिरीपासून लांब उभा आहे. वरून एकजण पाणी ओततोय. भिवाने ओंजळ धरलीय. अर्धं पाणी सांडतंय.

मुग्धाचा हात कार्डावर.

‘‘सॉरी काका. इट्स अ बिट मच यार. आपण हे स्किप करू या का?’’

पोरं कापली ते चाललं. पाणी पिणं जड झालं.

* * *

गटाचं फोनवर चॅट होतं. त्यात निरंजनने एक बॉट बसवला. वाईट शब्द आला की बॉट तो मेसेज खाऊन टाकतो आणि खाली लिहितो, ‘कृपया प्रेमाने बोलू या’. शब्द कोणते वाईट ते निरंजनने ठरवलं. कुणी जातीवरून कुणाला बोलू नये म्हणून त्याने जातींची नावंही त्यात घातली. मन चांगलं होतं पोराचं, मी नाही म्हणत नाही.

एक दिवस चॅटवर विषय निघाला, आपलं मूळ गाव कुठलं, घर कुठलं. डॉक्टरांनी लिहिलं, आम्ही ब्राह्मण, कोकणातले, आजोबा संस्कृत शिकवायचे. सगळ्यांनी अंगठे दिले.

मी एका बोटाने टाइप केलं, ‘आम्ही महार, मूर्तिजापूरकडचे, आजोबा गावाचे निरोप पोचवायचे.’

मेसेज गायब. ‘कृपया प्रेमाने बोलू या.’

मला वाटलं, माझं बोट चुकलं. परत लिहिलं. परत गायब. आणखी एकदा लिहिल्यावर बॉटने मला आठवडाभर बोलायची बंदी केली.

निरंजनला फोन केला. म्हटलं, ‘‘मी माझीच जात लिहितोय रे.’’

‘‘काका, बॉटला context कळत नाही ना.’’

‘‘डॉक्टरांची बरी कळली.’’

तो म्हणाला, ‘‘ती लिस्टमध्ये टाकायची डोक्यातच नाही आली. तो शब्द कुणी शिवी म्हणून वापरत नाही ना, काका.’’

मी फोन ठेवला. यावर माणूस पुढे काय बोलणार?

* * *

आता तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला कार्डाचाच राग. तसं नाही. मीही एकदा कार्डावर हात ठेवला.

निरंजनने राजाचा दरबार रंगवला होता. एक बुटका नोकर आत येऊन निरोप देऊन गेला. तो उभा होता त्या फरशीवर लगेच पुरोहिताने पाणी शिंपडलं. निरंजनने त्या पुरोहिताचा नाकातला आवाज काढला. सगळे हसले. डॉक्टरही हसले.

मी कार्डावर हात ठेवला.

कारण विचारायचं नाही, असा नियम. निरंजन म्हणाला, ‘‘काका, काय झालं?’’ मुग्धा म्हणाली, ‘‘काका, it's just a joke, पुरोहितावरच जोक आहे.’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘वामनराव, एवढं लावून घ्यायचं नसतं.’’

मग तिघांनी मिळून चर्चा केली, की काकांनी कार्ड बरोबर वापरलं का. चर्चा संपेपर्यंत माझा हात कार्डावरच होता. ठरलं असं की यावेळी कार्ड मोजायचं नाही.

* * *

शेवटची गोष्ट वाळवंटातली. सगळे तहानेने मरायला आलेले. एक गाव लागलं, गावात विहीर, विहिरीवर पहारेकरी. राणीला त्याने वाट दिली. जादूगाराला दिली. भिवा पुढे झाला तेव्हा निरंजनने पहारेकऱ्याच्या आवाजात विचारलं, ‘‘आणि तू कोण रे?’’

त्याच्या मनात काही नव्हतं. पहारेकरी असंच विचारतो. पण विहीर, तहान, आणि ‘तू कोण रे’. माझ्या बापाला विचारलेलं मी ऐकलंय ते.

मी म्हटलं, ‘‘मी महार. तहान लागलीय. बाजूला हो.’’

मुग्धाने कार्डावर हात ठेवला.

निरंजन हळूच म्हणाला, ‘‘काका, आपल्या या जगात जात नाहीये.’’

‘‘मग विहिरीवर पहारा कशाला ठेवलास?’’

कार्डावर हात पडल्यावर थांबायचं असतं, मला माहीत होतं. मी थांबलो नाही. भिवाने दोर धरला. पोहरा आत सोडला. मी तोंडाने बोलत होतो आणि हाताने दोर ओढत होतो, जलशात सोंग करायचो तसा. मुग्धा म्हणत होती, ‘‘काका, प्लीज. काका, स्टॉप.’’ पोहरा वर यायच्या आत निरंजनने टेबलावरचे फासे गोळा केले.

पाणी वर आलंच नाही.

त्यांनी तिथंच हात वर करून मत घेतलं. कार्ड मोडलं, बॉटची बंदीही झालेली, तेव्हा काकांनी काही काळ येऊ नये. निरंजनचा हात वर. मुग्धाचा हात वर, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. डॉक्टरांनी हात वर केला नाही, खालीही ठेवला नाही. एक फासा उचलून त्यावरचे आकडे बघत बसले.

* * *

मला गाडी चालवता येत नाही इथली. दर शनिवारी डॉक्टरच न्यायचे, आणायचे. त्या दिवशीही त्यांनीच आणलं. जाता-येता गाडीत आमच्या गप्पा व्हायच्या, गुडघे, कांद्याचे भाव, मेलेली माणसं. खरं सांगायचं तर मी टेबलासाठी जायचो तेवढाच त्या गाडीसाठी जायचो.

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘‘वामनराव, आमच्याकडे विहीर होती. मी पाणी ओतायचो वरून. लहान होतो. खाली ओंजळीत पडतंय की बाहेर, ते बघायचोच नाही. आत्ता तुम्ही बोलत होतात ना, तेव्हा पहिल्यांदा बघितलं.’’

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला.

मी म्हटलं, ‘‘हे आत का नाही बोललात?’’

‘‘अहो, आत मुलं होती.’’

मुलं! निरंजनच्या डोक्यावर केस उरलेले नाहीत.

* * *

बातमी पसरली. डेव्हच्या दुकानात दुसऱ्या टेबलावर एक रिक नावाचा दाढीवाला खेळायचा. त्याचा इंटरनेटवर कार्यक्रम आहे, विषय एकच, बोलण्याचं स्वातंत्र्य. त्याला म्हणे कार्डांचा, नियमांचा, सगळ्याचाच राग. प्रज्ञाला त्याने निरोप दिला, तुझ्या वडिलांवर अन्याय झालाय, त्यांना माझ्याकडे बोलू दे, वाट्टेल ते बोलू दे.

मला बरं वाटलं. कुणीतरी म्हणालं, वाट्टेल ते बोल.

स्वयंपाकघरात लॅपटॉप मांडला. प्रज्ञा शेजारी, मी मराठीत बोलणार, ती इंग्रजीत सांगणार. रिकने पहिल्यांदा माझी ओळख करून दिली. मग तो बोलला. मग आणखी बोलला. मग विचारलं, ‘‘So what was the forbidden word, sir?’’

मी शब्द सांगितला. तो का निघाला ते सांगायला लागलो. विहीर सांगितली, बाप सांगितला, जलसा सांगितला. रिकचा चेहरा उतरत गेला. त्याला शिवी हवी होती, मी गाव सांगत होतो. शेवटी म्हणाला, हे पॉलिटिक्स झालं, आमच्या ऐकणाऱ्यांना गेममध्ये पॉलिटिक्स आवडत नाही, आपण ड्रॅगनबद्दल बोलू या का?

म्हटलं, ‘‘प्रज्ञा, त्याला सांग, माझं संपलेलं नाही.’’

प्रज्ञा म्हणाली, ‘‘बाबा, तुमचा आवाज जात नाहीये. त्याने आपल्याला म्यूट केलंय.’’

* * *

मग निरंजन घरी आला. डोनट घेऊन. म्हणाला, सगळ्यांना तुमची आठवण येते, परत या, फक्त एक अपॉलॉजी गटावर टाका. ती त्याने आणलीही होती तयार करून. एआयकडून लिहून घेतलेली.

प्रज्ञाने मराठी करून वाचली. ‘या अनुभवातून मी खूप काही शिकलो आहे. माझ्या शब्दांमुळे ज्यांना असुरक्षित वाटलं त्यांचं मी ऐकतो आहे. माझा प्रवास सुरू आहे.’

मी विचारलं, ‘‘कसला प्रवास?’’

निरंजन म्हणाला, ‘‘काका, असंच लिहितात.’’

‘‘असुरक्षित कुणाला वाटलं?’’

‘‘मुग्धाला.’’

‘‘तिला विहिरीवर कुणी हाकललं?’’

‘‘काका, तसं नसतं ते. तुम्ही कार्ड मोडलंत.’’

ते मोडलं होतं. मी म्हटलं, ‘‘कार्ड मोडलं त्याबद्दल मी मुग्धाला समोर येऊन सांगतो, चुकलं म्हणून. तिचा हात कार्डावर होता आणि मी थांबलो नाही. तेवढं माझं. पण हे जे लिहून आणलंयस, त्यात मी माझी जात सांगितली म्हणून चुकलो, असं होतं. ते मी म्हणणार नाही.’’

‘‘काका, मग मला ग्रुपला समजावणं अवघड आहे.’’

तो डोनट ठेवून गेला. दार लावल्यावर प्रज्ञा म्हणाली, ‘‘बाबा, टाका ना गटावर. चार ओळी आहेत. तुम्ही परत गप्प बसाल. आई गेली तेव्हा बसला होतात तसे. मला बघवत नाही.’’

पोरगी रडत होती. तिच्यासाठी टाकायचं म्हणून फोन हातात घेतला, हे लिहून ठेवतो. बोट त्या बटणापर्यंत गेलं. मग भिवा आठवला.

आता शनिवार येतो, जातो. दुपारी घरात फ्रिजचा आवाज असतो.

* * *

हा शेवटचा. हा सांगायचा नव्हता.

भिवाची बाहुली डेव्हच्या दुकानात राहिली होती. प्रज्ञा म्हणाली, नवीन घेऊ. मला तीच पाहिजे होती, निळ्या सदऱ्याची. एका शनिवारी तिला म्हटलं, सोड मला तिथं, गाडीतच थांब, आत जाऊन घेऊन येतो.

डेव्हने हात हलवला, मागे बोट दाखवलं. मी खोक्यांच्या मांडणीपाशी गेलो तर पलीकडून निरंजनचा आवाज आला. टेबल भरलेलं होतं. मी मांडणीच्या अलीकडेच थांबलो. दोन खोक्यांमधून दिसत होतं.

टेबलावर वाळवंट मांडलेलं. मध्ये विहीर. विहिरीपाशी माझा भिवा उभा.

माझ्याशिवाय चालवत होते ते भिवाला. पुढे डॉक्टर बसले होते आणि बाहुली त्यांच्या बोटात होती.

निरंजनने पहारेकऱ्याचा आवाज काढला. ‘‘आणि तू कोण रे?’’

डॉक्टरांनी बाहुली बोटात फिरवली. मला वाटलं, आता बोलतील. गाडीत बोलले तसं बोलतील. मी मांडणीला धरलं. आता पाणी वर येईल, असं वाटलं मला.

डॉक्टरांनी बाहुली खाली ठेवली. मान वाकवली. आणि दोन्ही हात जोडले.

‘‘कुणी नाही, मालक. तहान लागली होती. जातो मी.’’

मुग्धाने डोळे पुसले. निरंजन म्हणाला, ‘‘वॉव. डॉक्टर, किती सुंदर. किती डिग्निफाइड.’’

कार्ड मध्ये होतं. कुणी हात लावला नाही.

डॉक्टरांनी मान वर केली तेव्हा त्यांना खोक्यांमधून मी दिसलो. त्यांचे हात अजून जोडलेलेच होते.

मागून डेव्हने विचारलं, ‘‘Find what you were looking for, sir?’’

मी नाही म्हटलं आणि गाडीत येऊन बसलो. प्रज्ञा म्हणाली, ‘‘मिळाली?’’ मी पट्टा लावला.

प्रज्ञा, हे नाव तू काढायचं नाहीस. डॉक्टर अच्युत मेणवलकर.